एक दिरहॅमची करंजी

पुण्यात नऊ वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून मी दुबईला आले आणि अल क्वोजमधल्या एका छोट्या संस्थेत लागले. मुलांना मुक्त बाजारपेठ शिकवणं हे संस्थेचं काम. त्या विचारावर माझा विश्वास होता, अजूनही आहे. मुलांची अभ्यासपुस्तिका मीच लिहिली होती. तिच्यातलं पहिलं वाक्य होतं : किंमत वरून कुणी ठरवायची नसते.

कोर्सच्या शेवटी आमच्या हॉलमध्ये मुलांचा बाजार भरायचा. त्या वर्षी वसईकडच्या एका बारा वर्षांच्या मुलीने आईच्या मदतीने करंज्या करून आणल्या होत्या. सुरुवातीला दोन दिरहॅमला एक. कुणी फिरकेना. तिने थोडा वेळ वाट पाहिली, पाटीवरचा आकडा खोडला आणि एक लिहिला. लगेच रांग लागली. मला इतका आनंद झाला! वर्गात आठ आठवडे घसा कोरडा करून जे सांगितलं, ते पोरीने माझ्यासमोर करून दाखवलं होतं.

शेजारच्या टेबलावर आमच्या देणगीदाराचा मुलगा दहा दिरहॅमला कपकेक विकत होता. म्हणजे, विकले जात नव्हते. देणगीदार हाताची घडी घालून उभे होते. त्यांचा चेहरा पाहून आमचे संचालक माईककडे धावले.

"यल्ला, चला मुलांनो, आता सगळ्या स्टॉलवर एकच रेट. पाच दिरहॅम!"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी त्यांना बाजूला घेतलं. "सर, आपण हेच तर करू नका म्हणून शिकवतो."

"मॅडम, थिअरी वेगळी, इव्हेंट वेगळा. खलास."

रांगेतले एक काका मोठ्यानेच म्हणाले, "पाच दिरहॅम? म्हणजे शंभराच्या वर रुपये, एका करंजीला?" आणि निघून गेले. बाकीचेही पांगले. कपकेक तरीही कुणी घेतले नाहीत.

मुलगी माझ्याकडे आली. "बट मिस, यू सेड नोबडी कॅन फिक्स इट."

मी म्हणाले, "आजच्या दिवस ऐक, बाळा." हे वाक्य मला अजून टोचतं. मी तिच्या बाजूने उभं राहायला हवं होतं. राहिले नाही.

"देन आय ॲम नॉट सेलिंग," ती म्हणाली. तिने डब्याचं झाकण लावलं आणि खुर्चीवर बसून राहिली.

तिची आई हॉटेलच्या रिसेप्शनवर काम करायची. ड्युटी संपवून न्यायला आली, तेव्हा मी तिची माफी मागितली. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, तिने तुमचं पुस्तक मनापासून वाचलं हो. ते तुमच्या सरांना द्या एकदा वाचायला."

संस्थेच्या अहवालात बाजाराबद्दल मी घडलं ते सगळं लिहिलं. छापून आला तेव्हा तो परिच्छेदच नव्हता. फोटो होता, कपकेकचा. मी चिडून संचालकांना सांगितलं, पुस्तिकेवरून माझं नाव काढा. वाटलं, निदान तेव्हा तरी ते विचारतील, का म्हणून. "नो प्रॉब्लेम," ते म्हणाले आणि काढलं.

महिन्याभरात मी नोकरी सोडली. माझ्या मैत्रिणीचा मुलगा सध्या त्याच कोर्सला जातो. पुस्तिका तीच आहे, पहिलं वाक्यही तेच. बाजाराच्या दिवशी मात्र रेट आता आधीच छापून देतात.