जवस, लाईन आणि मालेगावचा शुक्रवार

शुक्रवार, ७ नोव्हेंबर. काम एकच, मालेगावहून कोरं (न रंगवलेलं) कापड आणायचं. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझं शिलाईचं छोटं युनिट आहे. एका नव्या कंपनीची अ‍ॅप्रनची पहिली ऑर्डर सोमवारी पोचवायची होती आणि नाशिकच्या व्यापाऱ्याकडचं अस्तराचं कापड संपलेलं. पहिली ऑर्डर चुकली की दुसरी येत नाही, म्हणून सकाळीच व्हॅन काढली. सोबत नणंद रेखा. ती शाळेत इंग्रजी शिकवते आणि गाडीतही थांबत नाही.

पिंपळगावच्या टोलनाक्यावर मी एवढंच म्हणाले, "केवढी ही लाईन!"

"वहिनी, या एका शब्दाला आपण किती राबवतो बघ. वीज गेली की लाईन गेली. ट्रकवाला गावाबाहेर असला की लाईनवर गेला. अभ्यास सोडला की पोराची लाईन बदलली, आणि..."

"आणि तुझ्या भावानं मला मारली तीही लाईनच. पुढे?"

ती इतकी खिदळली की टोलवाला वाकून बघायला लागला.

चांदवडचा घाट चढून ढाब्यावर थांबलो. बाजरीची भाकरी, ठेचा आणि जवसाची चटणी. रेखानं चटणीकडे बोट दाखवलं. "वहिनी, तू आत्ता लाईन खातेयस."

लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणतात, असं तिनं सांगितलं. त्याच्या खोडाच्या धाग्याचं कापड ते लिनन. तो धागा ताणून सरळ रेघ आखायची, ती लाईन. कपड्याला आतून लिनन लावायचे, म्हणून अस्तराला लायनिंग. म्हणजे मी निघाले होते तेही जवसाच्याच कामाला! ढाब्याच्या मावशी शांतपणे ऐकत होत्या. "तेल घालू का तुमच्या लायनीवर? लय कोरडी हाय."

मालेगावात सांच्यांचा (यंत्रमागांचा) खडखडाट गावाच्याही आधी भेटतो. आज मात्र कबुतरं ऐकू येत होती.

"ताई, आज जुम्मा," चहावाला म्हणाला. "सगळे सांचे बंद."

अंबडची सुट्टी शनिवारी. जगातली सगळी यंत्रं शनिवारीच झोपतात, असं माझं डोकं धरून चाललं होतं. रेखाला हसू आवरेना. मला सोमवार दिसत होता.

चहावाल्यानं सांगितलेल्या गल्लीत कारखानदार हमीदचाचा नमाजहून परतताना भेटले. गोदाम रिकामं होतं, माल कालच गेला होता. "कल आओ, चलाके देता."

"उद्या विणलं तर शिवू कधी?" मी सरळ कारखान्यात शिरले. प्रत्येक सांच्याच्या रुळावर विणलेलं कापड गुंडाळलेलं होतं. "चाचा, हे द्या ना."

"अधूरा ताका (कापडाचा तागा) कोई नहीं काटता, बहन."

दारातून त्यांच्या बेगम म्हणाल्या, "आज सांचा चलाना मना है. कैंची भी मना है क्या?"

चाचांनी दाढी खाजवली आणि हसून कात्री मागवली. ते कापत होते, मी घडी घालत होते, आणि रेखा कापडाचं टोक धरून सांच्यांमधून पतंग उडवल्यासारखी पळत होती. मग बेगमनी जुम्म्याची बिर्याणी वाढली. रेखानं चाचांना जवसाची गोष्ट सांगितली.

"मतलब लाईन भी धागाच निकली?" चाचा खूश. "फिर तो हम खानदानी लाईनवाले!"

परतीला घाटात ऊन कलतं होतं. शब्दसुद्धा मालासारखाच असतो. पिकतो एकीकडे, विणला जातो दुसरीकडे, आणि वापरणाऱ्याला पत्ता नसतो. हे मला पटलं, पण रेखाला सांगितलं नाही. नाशिकपर्यंत आणखी एक शब्द ऐकावा लागला असता.

शनिवारी सकाळी युनिट उघडलं. तुकडे वेगवेगळ्या सांच्यांचे, रंगात किंचित फरक. खिडकीच्या उजेडात जोड्या जुळवत बसले. शिवणाऱ्या बायकांना रात्रीच निरोप दिला होता, त्या कुरकुरत आल्या. "ताई, आज सुट्टी ना?"

"या आठवड्यात आपण मालेगावची सुट्टी धरलीय," मी म्हणाले. "ती काल झाली." आणि पहिलं अस्तर कापलं.