मायाप्पाचा शार्क

मायाप्पाने उभा जन्म मेंढरं राखली आणि उतारवयात राखायला मिळाला एक मासा. यावर जुळे सोलापुरातल्या त्या इमारतीत पुष्कळ हसून झालं होतं. मायाप्पाही हसायचा, पण काचेच्या टाकीसमोरची खुर्ची काही हलवायचा नाही.

त्याचं असं झालं. गुडघे गेले, सांगोल्याकडचा कळप विकला आणि लेकाने, जोतिरामने, बापाला शहरात तिसऱ्या मजल्यावर आणलं. आल्याआल्या म्हातारा जिन्यात घसरला. त्याच दिवशी सुनेने, विजयमालाने, त्याची काठी कपाटावर टाकली आणि आता खाली उतरायचं नाही म्हणून निक्षून सांगितलं. ती शाळेत शिक्षिका. वर्गभर पोरांना गप्प बसवणारीला एक सासरा काय जड? पण ज्याने आयुष्य माळावर काढलं, त्याने भिंतीकडे किती बघावं? वर्षभरात म्हाताऱ्याचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं आणि बोलणं तर त्याहूनही कमी झालं.

मग जोतिरामने संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेतून पिशवीभर पाण्यात बोटाएवढा मासा आणला. चंदेरी अंग, काळे पट्टे, पाठीवर ताठ पर. विकणाऱ्याने तो शार्क म्हणून दिला होता आणि वर सांगितलं होतं, काळजी करू नका, हा टाकीपुरताच वाढतो.

"कोकरू काय वाड्यापुरतं वाढतंय व्हय?" मायाप्पा म्हणाला. "हेची आई बघितली का न्हाय तू?"

कोकरू घ्यायचं तर आधी त्याची आई बघावी, हा धनगराच्या घरातला पहिला धडा. जोतिराम धनगराचाच पोर, पण यात्रेच्या झगमगाटात घरचा धडा विसरला. आता माशाच्या आईला शोधायचं तरी कुठे, हेही खरंच.

मासा आला आणि म्हाताऱ्याची जीभ सुटली. त्याने त्याचं नाव पठ्ठ्या ठेवलं. मायाप्पा खुर्चीत बसून मेंढराला करावा तसा जिभेने चुटचुट आवाज करायचा आणि पठ्ठ्या काचेशी येऊन उभा राहायचा. मग कडक भाकरीचा चुरा पाण्यात. स्वतःही दोन-दोन भाकरी रिचवू लागला. विजयमालाने त्या माशाचे मनोमन किती उपकार मानले असतील, तिचं तिला ठाऊक.

पण दोन यात्रा होऊन गेल्या आणि पठ्ठ्या हातभर झाला. टाकी तेवढीच. वळायला गेला की तोंड काचेवर घासायचं. नाकावर पांढरा चट्टा पडला होता. स्वयंपाकघरात ताटली पडली की दचकून असा धडकायचा की उलटा होऊन तळाशीच जायचा. तो हलेपर्यंत मायाप्पाही श्वास रोखून बसायचा.

विजयमालाने मोबाईलवर शोधाशोध केली. हा शार्क नव्हेच. मोठ्या नद्यांत थव्याने फिरणारा, मांगुराच्या जातकुळीतला मासा. पुऱ्या वाढीत याच्या दुपटीहून लांब. आणि खरा शार्क, कितीही छोटा घ्या, त्याला समुद्राचं पाणी लागतं आणि पोहायला ऐसपैस जागा लागते. म्हणजे खरा असो की नावाचा, दिवाणखान्यात दोघांचंही काम नाही.

जोतिरामला हे पटेना. खातो, पितो, जिवंत आहे, बापाचा वेळ जातो, मग बिघडलं कुठे? फार तर मोठी टाकी आणू. आणि गंमत अशी, की सगळं वाचून बसलेली विजयमालाही मोठ्या टाकीलाच हो म्हणाली. मासा गेला तर म्हातारा पुन्हा अर्ध्या भाकरीवर येईल, या भीतीपुढे तिचं वाचन टिकलं नाही.

नाही म्हणाला तो मायाप्पाच. "वाघर लावतो ना आपण मेंढरांभवती, ती रातीपुरती आसती. दिस उगवला की जाळी काढायची. हेचा दिस कवा उगवायचा?"

मग जोतिरामने सुचवलं, सिद्धेश्वराच्या तळ्यात सोडू, पुण्य लागेल. त्यावर म्हातारा खरोखरच तापला. परक्या कळपात न विचारता आपलं जनावर घुसवणारा माणूस त्याच्या लेखी चोराहून वाईट. आपल्या जनावराचा रोग, त्याची खादाडी दुसऱ्याच्या माथी का मारायची?

तेव्हा त्याला वळसंगचा चनमल्लप्पा आठवला. मायाप्पाची मेंढरं पूर्वी त्याच्या रानात खतासाठी बसायची. आता त्याने शेततळं केलं होतं, चहूबाजूंनी बंद, आणि त्यात कटला-रोहू मासे पाळले होते. फोन झाला. मासा आणा, म्हणाला, जागा हाय.

पठ्ठ्याला धरताना जोतिरामने जाळं घालून निम्मं पाणी फरशीवर आणलं. अखेर मायाप्पाने लेक-सुनेला बाजूला केलं, टाकीवर घोंगडं पांघरलं आणि नुसता बसून राहिला. अंधारात जनावर निवतं. मग ओलं फडकं घेऊन त्याने आत हात घातला आणि मासा पाणी भरलेल्या पिंपात अलगद उतरवला. पर बोचून अंगठ्यातून रक्त आलं, तेही त्याने नंतर पाहिलं. जोतिरामच्या खांद्यावर हात ठेवून तो तीनेक वर्षांनी जिना उतरला. विजयमाला एक पायरी पुढे राहून दोन्ही हात पसरून चालली होती.

टेम्पोने वळसंगला पोहोचल्यावर तळ्याच्या काठावर चनमल्लप्पाने आडपडदा ठेवला नाही. "मामा, आदीच सांगतो. वैशाखात पाणी खाली जातंय, मग मासं धरून इकतो आमी. तुमचा येगळा काढता यायचा न्हाय."

विजयमालाला वाटलं, आता पिंप परत टेम्पोत चढणार. तिने तर हातही लावला होता. मायाप्पाने तो हात बाजूला केला. डोळ्यांत पाणी होतं आणि त्याने ते पुसलंही नाही.

"मेंढरं काय म्हातारी हुईस्तवर ठेवली व्हती मी?" तो म्हणाला. "जेवढं जगंल तेवढं हिंडून जगू दे. काचंत जपून ठेवनं म्हंजी राखनं न्हवं, पोरी."

पिंप कलंडलं. पठ्ठ्या काठाशी क्षणभर थबकला, नाक आपटेल म्हणून वाट पाहावी तसा. काही आपटलं नाही. मग तो सरळ गेला, आणि सरळच जात राहिला. मायाप्पाने जिभेने चुटचुट केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा रिकाम्या टाकीसमोर बसला होता. ताटातली भाकरी तशीच. शाळेला निघताना विजयमालाने सवयीने तोंड उघडलं, "आण्णा, खाली उतरायचं..." आणि पुढचा शब्द तिला म्हणवेना. ती आत गेली, स्टुलावर चढली, कपाटावरून काठी काढली. तिच्यावरची धूळ तिने पदराने पुसली आणि काठी त्याच्या हातात दिली.

मायाप्पाने काठीची मूठ चाचपली. "आन् पडलो म्हंजी?"

"पडलात तर उचलू."

तो उठला. तिने सोबत जायला पाऊल उचललं आणि मागे घेतलं. दारात उभी राहून ती काठीचा आवाज ऐकत राहिली. आवाज खाली गेला, एकदा थांबला, पुन्हा सुरू झाला आणि फाटकाबाहेर पडला.