सोमाकाकाच्या रानात न ओरडता चाळीस दिवस

आसगावच्या पुढच्या रानात, ऐनाच्या झाडाखाली, सोमाकाकानं माझ्या उघड्या तोंडावर आपला खरखरीत तळवा दाबला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. शिवी आतच राहिली. त्याआधी माझी एकही शिवी आत राहिलेली नव्हती.

तिथं पोचलो कसा, ते आधी सांगतो. मी जवाहरनगरचा, बाबा फॅक्टरीत. नागपूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्याच क्वार्टरांच्या लाईनीतल्या सुनंदानं "माझ्या मागं येऊ नकोस" असं तोंडावर सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात मी प्रॅक्टिकलमध्ये सरांशी भांडून, अॅप्रन टेबलावर फेकून घरी निघून आलो. पुढचे चार महिने केलं काय? रात्रभर छताकडं बघायचं, दुपारी बारापर्यंत लोळायचं, ताट आलं की ताटावर चिडायचं. सुनंदाचं लग्न ठरलं तर भर मांडवात तमाशा करीन, असं भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. नुसतं बोलणं नव्हतं ते. मी केलंच असतं. आईला रात्रंदिवस तेच भय.

शेवटी बाबा म्हणाले, "सोमाकडं जा. पीक निघेपर्यंत तोंड दाखवू नको." सोमाकाका हा बाबांचा लहानपणचा सवंगडी, जातीनं ढीवर, म्हणजे पिढीजात मासेमार. पावसाळा सरत आला की तो बायकोसह रानात झोपडी घालतो आणि ऐनाच्या झाडांवर कोसा रेशमाचे किडे वाढवतो. मी गेलो ते सुधारायला नाही, घरच्यांची कटकट नको म्हणून.

जाणाऱ्यांसाठी वाट अशी: भंडाऱ्याहून पवनीची एसटी. तिकिटाला पाचाची नोट पुरते, जागा मात्र खिडकीची धरा. दोन्ही बाजूंना निसवलेला, लोंब्यांवर आलेला धान आणि मधूनच भरलेला तलाव. पवनीच्या स्टँडवर आलूबोंडा आणि वर तर्री खाऊन घ्या, कारण पुढं चाळीस दिवस तसलं काही मिळत नाही. तिथून आसगाव, आणि आसगावहून बांधाबांधानं दीड तास पायी. पाणी सोबत असू द्या. चप्पल जुनीच घाला. ती का, ते मला रानाच्या हद्दीवर कळलं.

"चप्पल इथंच काढ," काका म्हणाला.

"काटे आहेत ना, काका."

"देवघरात जोडे घालून जाते का कोणी? आंघोळ केल्याबिगर झाडाखाली याचं नाई. मासळी नाई. शिवी नाई, ओरडणं त नाईच नाई. किडा मनाले लावून घेते, खाणं सोडते."

"आणि राग आला तर?"

"त चालाचं. सगळ्या झाडायचा एक फेरा. मंग बोल."

मी हसलो. काकी चुलीजवळून म्हणाली, "हसतं काहून? या बुढ्यानं ढीवर असून चाळीस दिवस मासळी सोडली, तुले शिवी सोडता येत नाई का?"

आणि सुरू झालं. पहाटे उठायचं, नाल्यावर थंड पाण्यानं आंघोळ, मग अनवाणी फेरा. कावळे हाकलायचे तेही तोंडानं नाही, चिरलेला बांबू आपटून. ज्या झाडाचा पाला संपला तिथला किडा हातानं उचलायचा नाही. त्याची डहाळीच कापून नव्या झाडाला बांधायची. दुपारी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण, ठरल्या वेळेला. संध्याकाळी काकीचा ठरलेला सवाल, "आज काय पाह्यलं?" "काही नाही" हे उत्तर तिला चालायचं नाही. मग मी शोधून शोधून सांगायचो: वाकड्या झाडावर मुंगळे चढले, एका किड्यानं अख्खं पान देठापर्यंत खाल्लं. पहिला आठवडा मी मनातल्या मनात पळून जाण्याचे बेत केले. पायात काटे आणि डोक्यात सुनंदा. झोप अजूनही येत नव्हतीच.

बाराव्या दिवशी माझा दोस्त मनोहर आसगावहून सायकल ढकलत ढकलत आला. हद्दीवरूनच म्हणाला, "अबे, सुनंदाचं जमलं! आपल्याच फॅक्टरीतला पोट्टा. तुळशीच्या लग्नानंतर बार हाय. तू काय इथं किडे चारत बसला बे?"

मी तोंड उघडलं, आणि तोच तो तळवा. काका कानात कुजबुजला, "किडे कात टाकून राह्यले, बापू. आज त्यायच्याजवळ श्वासही हळू घ्याचा."

शिवीला बाहेर जायला वाट नव्हती, मग पायच निघाले. पहिल्या फेऱ्यात मी मांडव उधळला, नवऱ्याची कॉलर धरली. दुसऱ्या फेऱ्यात सुनंदाला काय काय सुनावायचं ते सगळं सुनावून झालं. तिसऱ्या फेऱ्यात मी थांबलो. झाडाझाडावर किडे मान वर करून निश्चल बसले होते. एकाची जुनी कात अर्धी मागं सरकली होती. मी किती वेळ बघत होतो देव जाणे, पण नंतर मला भूक लागली. चार महिन्यांत पहिल्यांदा खरी, पोट पिळणारी भूक! काकीनं वाढलेला भात मी तीनदा मागून घेतला आणि तिथंच आडवा झालो. मनोहर नंतर सांगायचा, मी इतका घोरत होतो की त्यालाच धास्ती वाटली. जाताना काकीला विचारत होता, "याले काही करणी त नाई केली ना तुमी?"

त्यानंतर राग आला नाही असं नाही. रोज यायचा. पण मी फेऱ्याला निघायचो आणि तो अर्ध्या वाटेत दमायचा. मी दमत नव्हतो.

आणि पीक काय आलं! डहाळी डहाळीला देठानं लोंबणारे कोसे, म्हणजे किड्यांनी विणलेले कोष, अंड्याएवढे, टणक. शेजारच्या रानातला म्हातारा मुद्दाम बघायला आला आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "या पोट्ट्याचा पायगुण हाय." पायगुण! माझा! कॉलेजात ज्याला कुणी ग्रुपमध्ये घ्यायला तयार नव्हतं, त्याचा. शेवटची टोपली भरल्यावर काका म्हणाला, "बस्स, झालं. आता बोंबल किती बोंबलाचं थे." मी छाती भरून घेतली. शिवी आठवेना. नुसती एक लांब आरोळी ठोकली. रान दणाणलं, कावळे उडाले, काकी पदरात तोंड लपवून हसली.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. खरं सांगायचं तर थंड पाण्याची आंघोळ चौथ्या दिवशीच सुटली, आणि एका रिक्षावाल्याशी अर्धं भांडण झालं. अर्धंच, कारण मी पान-ठेल्याला फेरा मारून आलो तोवर तो निघून गेला होता. पण पहाटेचं उठणं टिकलं, वेळेवरचं जेवण टिकलं, आणि आईला रोज एक काहीतरी पाहिलेलं सांगणं टिकलं. तुम्हाला रान मिळालं तर जाच. नाही मिळालं, तर कुठलाही रस्ता घ्या, पण बोलण्याआधी पूर्ण चाला.

सुनंदाचं लग्न मागच्या रविवारी झालं. हळद लागली ती आदल्या दिवशी, शनिवारी. सकाळपासून लाईनीत सनई वाजत होती. मी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला. बाबा पेपर टाकून उठले आणि दाराशी आडवे उभे राहिले. आई स्वयंपाकघरातून हातात उलथनं तसंच घेऊन आली.

"कुठं निघाला?" बाबांनी विचारलं.

राग आला. एवढाही भरवसा नाही? मी आतल्या खोलीपर्यंत जाऊन परत आलो. मग म्हणालो, "बाबा, नागपूरची बस आहे. परीक्षेचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख. त्या सरांची माफीपण मागायची आहे."

बाबा बाजूला झाले, आणि माझ्या शर्टाची दुमडलेली कॉलर त्यांनी सरळ केली. मी बाहेर पडलो आणि दार हळूच ओढून घेतलं.