सतरा नंबरचा शिक्का

मोशीचे हिंदुराव भोसरीच्या एका कारखान्यात तपासणीला होते. तिथं गाड्यांच्या चाकांत बसणारे ब्रेक ड्रम निघत. प्रत्येक ड्रम मोजायचा, मापात बसला तर त्यावर सतरा नंबरचा शिक्का ठोकायचा, नाही बसला तर लाल फराटा मारून परत पाठवायचा, एवढं त्यांचं काम. पण ते अंगात इतकं मुरलं होतं की घरच्यांचीही सुटका नव्हती. इंदुताईंनी ताटात भाकरी वाढली की हे ती उचलून कडेनं बघत, "एका अंगाला जाड हाय," असा शेरा मारत आणि मग निमूट खात. खिशात बारीक माप घ्यायचा स्वतःचा व्हर्नियर कायम. त्यांनी व्याह्यांच्या घरी तबकातली सुपारी मोजली होती म्हणतात. खरंखोटं देव जाणे, पण मोशीत कुणाला ते खोटं वाटलं नाही.

"न मोजता शिक्का मारायला मी काय पोस्टात हाय का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून दोनदा तरी ते ऐकावं लागे, आणि सर्वांत जास्त ऐकावं लागे ते भीमराजला. भीमराज देहूरोडचा, लेथवर ड्रम कातणारा टर्नर. दहा वर्षांत सर्वांत जास्त ड्रम परत आले ते त्याचे, आणि दहा वर्षं दोघं जेवले ते एकाच डब्यातून.

एकोणऐंशी सालच्या एका गुरुवारी, म्हणजे एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, या दोघांचे मित्र, चाकणचे बबनराव, यांनी आपला टेंपो काढला. भामा नदीच्या काठी मासे खायचे, खिंड ओलांडून पलीकडं भीमेच्या खोऱ्यात उतरायचं आणि खेडवरून दिवस मावळायच्या आत घरी, असा बेत होता. तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसले. आंबेठाणच्या चहात हिंदुरावांना साखर कमी लागली, करंजविहिऱ्याची भजी कच्ची निघाली. भामेच्या काठी चिमाबाई नावाच्या म्हातारीनं झणझणीत कालवण करून वाढलं, तर हिंदुराव माशाचे तुकडे ताटात लांबीनुसार लावू लागले.

"मोजाया आलाय का खायाला?" चिमाबाई कडाडली. "मोजायचं आसंल तर नदी मोज जा."

भीमराज इतका हसला की त्याला ठसका लागला. हिंदुराव मात्र तीन वेळा मागून जेवले.

दुपारी खिंडीच्या माथ्यावर टेंपो पंक्चर झाला. खाली भीमेचं हिरवं खोरं पसरलेलं आणि तिथवर जाणारा रस्ता एकावर एक वळणं घेत उतरलेला. बबनरावांनी जॅक लावून चाक काढलं. हिंदुराव सवयीनं वाकले, ड्रमवरचा गंज नखानं खरवडला, आणि तसेच वाकलेले राहिले.

सतरा. खाली महिना आणि साल: मार्च पंचाहत्तर.

त्या मापाचे ड्रम त्या महिन्यात एकदाच निघाले होते, एकतीस तारखेला, चाळीस नग. हे हिंदुरावांना पक्कं ठाऊक होतं, कारण त्या चाळिसांपैकी एकही त्यांनी मोजला नव्हता. आयुष्यात तेवढं एकदाच. चार वर्षं दर महिनाअखेरीला ते चाळीस ड्रम त्यांच्या छातीवर येऊन बसत. त्यांनी घाईघाईनं व्हर्नियर काढला. तो ड्रमच्या पोटात पुरेना. पुरला असता तरी काय उपयोग, चार वर्षं घासलेल्या ड्रमवरून मूळचं माप कोण सांगणार? समोर तो उतार, आणि गाडीत दोन मित्र.

"बबनराव, गाडी उतारावर न्यायची न्हाई."

"का? काय झालं?"

"ह्यो ड्रम मी मोजलेला न्हाई. शिक्का माझाच हाय, पण मोजला न्हाई. त्या दिवशी गावात कबड्डीची फायनल हुती. मला पंच केलं हुतं. उशीर हुईल म्हणून चाळीसच्या चाळीस तसेच ठोकले."

बबनराव पंक्चर चाकावर बसून पोट धरून हसायला लागले. "पंच! राव, तिथं लोकांला फाउल देत बसला असशील!" गाडी याच ब्रेकवर चार वर्षं चाललीय, मुंबईचा घाट शंभरदा उतरलीय, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. हिंदुराव हटेनात. शेवटी स्टेपनी बसल्यावर एक भला मोठा दगड उचलून ते टेंपोच्या पुढं चालू लागले. बबनरावांनी बैलगाडीच्या चालीनं टेंपो आणायचा आणि वळण आलं की हिंदुरावांनी चाकाखाली दगड लावायचा. समोरून आलेल्या एका सायकलवाल्यानं ही मिरवणूक बघून खाली उतरून वाट दिली.

भीमराज मघापासून हसला नव्हता. दुसऱ्या वळणावर तो टेंपोतून उतरला आणि हिंदुरावांबरोबर चालू लागला.

"ते चाळीस मोजलेले हायेत," तो म्हणाला.

"कुणी मोजले?"

"मी. तुझा हात नुसता शिक्क्यावर चाललेला मला मशीनवरून दिसत हुता. भ्या वाटलं राव. रोज बिनघोर काम करतो, कारण चुकलं तर तू धरतोस. त्या दिवशी धरणारं कुणी न्हवतं. तू गेल्यावर पेट्या उघडल्या आन् एकेक मोजला."

हिंदुरावांनी दगड खाली ठेवला. "किती चुकीचे निघाले?"

"तीन. ते भंगारात टाकले आन् तीन नवे काढून मोजले. शिक्का तू टेबलावरच टाकून पळाला हुतास. त्या तिघांवर मीच मारला."

हिंदुराव त्या दगडावरच बसले. तीन ड्रम, म्हणजे अशाच कुठल्या तरी उतारावरच्या तीन गाड्या. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी चार वर्षांचं ओझं उतरल्यासारखंही. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी लपवलं नाही.

"मला सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगणार? दुसऱ्या दिवसापासून तू एकेक नग दोनदा मोजाया लागलास. माझेच डबल परत यायला लागले. सांगितलं आसतं तर तिबल आले आसते."

मागून बबनरावांनी हॉर्नवर हात ठेवला तो उचलेनात. हिंदुराव उठले, धोतर झटकलं आणि टेंपोकडं निघाले. दार उघडून थांबले.

"भीमराज, माझा शिक्का तू मारलास. ह्यो गुन्हा हाय, नोकरी गेली आसती तुझी."

"व्हय."

"त्या चाळिसांत तेवढे तीनच शिक्के खरे हायेत," हिंदुराव म्हणाले, आणि भीमराजला आधी चढू देऊन त्याच्या शेजारी बसले. "चल, बबनराव."