पांढरे उंदीर घेऊन जळगावला

मुंबईवर जपानचे बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि शहर रिकामं होऊ लागलं. तेव्हा मी तिथल्या एका प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरावर काम करत होते. डांबराने कर्करोग होतो हे तोवर कळलं होतं. पण डांबरात असंख्य द्रव्यं असतात, त्यातलं एखाददुसरं विलायतेत सापडलं होतं; आणखी कोणती, हा आमचा प्रश्न. एकेक अर्क वेगळा काढायचा, बेंझिनमध्ये विरघळवून उंदरांच्या पाठीवर कुंचल्याने लावायचा आणि महिनोन् महिने वाट बघायची. लावण्यात खंड पडला की आधीचं सगळं वाया.

प्रयोगशाळेला कुलूप लागलं तेव्हा सरांनी उंदीर आम्हा विद्यार्थ्यांत वाटून दिले. "गावी न्या, जगवा," एवढंच म्हणाले. मी पिंजरे चादरीत गुंडाळून, अर्कांच्या बाटल्या ट्रंकेत घालून जळगावची गाडी धरली.

माझे वडील, नाना, वकील होते. आई मी लहान असतानाच गेली. घर आत्याच्या हाती. चादर काढली तशी आत्या मागे सरकली. तिचा नवरा प्लेगने गेला होता. घरात उंदीर मरून पडला की भांडीकुंडी उचलून माळावर झोपडीत जायचं, हे तिने भोगलं होतं.

"हे पांढरे आहेत, आत्या. यांना प्लेग नाही."

"उंदीरच ना?" ती म्हणाली.

नानांनी गोठ्याशेजारची कडब्याची खोली दिली. अट अशी, की दार कायम बंद राहील आणि उंदरांना शिवून मी स्वयंपाकघरात येणार नाही. माझं ताट उंबऱ्याबाहेर ठेवलं जाऊ लागलं.

मग उन्हाळा चढला. वरचा पत्रा असा तापायचा की पिंजऱ्यांच्या तारांना हात लावता येत नसे. खिडकीला लावलेलं ओलं गोणपाट बघता बघता कोरडं व्हायचं, ते पुन्हा भिजवायला मी तिथेच हवी. एरंडोलला मैत्रिणीचं लग्न होतं, गेले नाही. अर्क लावणं चालूच होतं; केसांना डांबराचा वास लागला. अंगठ्याशेजारी एक खरखरीत चामखीळ उगवली. मी ती रोज चाचपून बघायचे आणि पदराखाली लपवायचे. घरात कळलं असतं तर त्याच दिवशी सगळं बंद झालं असतं. नाना मात्र समाधानात होते. मुलगी घरी होती, स्थळं येत होती. "मुंबईचं आता विसर," ते जेवताना म्हणायचे, मी उंबऱ्याबाहेरून ऐकायचे.

एका दुपारी उकाड्याने एक उंदीर मेला. मी तो परसात पुरला. सकाळी कुत्र्याने उकरून गल्लीत आणून टाकला, आणि दूधवाल्याने पाहिला.

"नाना, उंदीर मरेल शे! आते बठ्ठी गल्ली काय करी?"

तासाभरात सगळ्या गल्लीतली माणसं अंगणात जमली. कोणी आरडाओरडा केला नाही. नुसते उभे होते, पोरांना कडेवर घेऊन. कोर्ट गाजवणारे नाना त्यांना हात जोडून मागे वळले. माझ्या दाराशी आले.

"उद्यापर्यंत सगळे मारून जाळून टाक."

"नाना, गाठी यायला लागल्यात. एकाच पिंजऱ्यात, एकाच अर्काने. महिनाभर द्या."

"उद्या."

कुठे जाणार होते मी? मुंबईला कुलूप, पिंजरे घेऊन दुसरं कोण दारात उभं करणार? सकाळी ओळखीच्या डॉक्टरांकडून क्लोरोफॉर्म आणि फॉर्मलिन आणवलं. एकेक उंदीर निजवला, गाठ कातडीसकट कापून बरणीत टाकली. काप नीट घेतले.

आत्या दारात आली आणि पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत शिरली. वाकून गाठीकडे बघू लागली.

"दुखत असेल का गं त्यांना?"

"असेल."

"माझी मिसरीही तंबाखू जाळूनच करतात. काळीच ती. तीही असंच करते?"

"माहीत नाही, आत्या. बघायला हवं."

तिने पदर खोचला आणि लोणच्याच्या बरण्या पुढे करू लागली.

प्रयोगशाळा पुन्हा उघडली तेव्हा बरण्या सरांपर्यंत पोचल्या. त्या अर्काच्या गाठी कर्करोगाच्याच निघाल्या. "लगेच या," असा निरोप आला. नानांनी नकार दिला. पुढचं काम दुसऱ्या विद्यार्थ्याकडे गेलं आणि मी धुळ्याला मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवू लागले. धुळं जवळ होतं, तेवढं नानांना चाललं. तिथल्या डॉक्टरने चामखीळ काढली. ती साधीच होती. फळ्यावर फुलाचे भाग काढताना मध्येच खडू थांबायचा. मुलींना वाटायचं, बाई आठवताहेत.

युद्ध संपलं त्या वर्षी मी राजीनामा दिला आणि नानांना विचारलं नाही, फक्त सांगितलं. ते पेपरमधून वर न बघता म्हणाले, "पोचलीस की कळव."

मुंबईत सर आता थकले होते. विद्यार्थी माझ्याहून बरेच लहान, आणि माझ्या कामाच्या कितीतरी पुढे गेलेले. जिन्याखालचं एक टेबल रिकामं होतं. मी त्यावरची धूळ पुसली आणि सरांना म्हटलं, "कुठून सुरू करू?"