आखाडाचा खुराक

पहिल्या कोंबडीची मान मी पिरगळली तेव्हा ती मेली नाही. मान एका बाजूला लोंबकळत ठेवून ती माझ्या हातातून सुटली, शेडभर धावली, पत्र्यावर आपटली आणि परत माझ्याच पायाशी येऊन पडली. मला तिचा इतका राग आला की मी तिला पायाखाली दाबून मान दुसऱ्यांदा पिळली. आजारी जिवाचा राग येणं बरं नव्हे, पण मला आला. खोटं कशाला बोलू?

हे काम माझं नव्हतंच. आमच्याकडे कोंबडं असो की बकरं, सुरी मुलाणीच धरतात, हिंदूंच्या घरीसुद्धा. त्या सकाळी मी आमच्या गल्लीतल्या मुलाणीभाऊंना बोलावून आणलं होतं. पंख फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेल्या कोंबड्यांकडे त्यांनी एकदा बघितलं आणि सुरी परत पिशवीत घातली.

“वैनी, ह्ये खायाच्या कामाचं न्हाय. आजारी जिवावर मी सुरी धरत न्हाय. तुमचं तुमी बघा.”

तर मग मी बघत होते.

शेड कळंब्याच्या पुढं, आमच्या रानात. माझं आणि माझ्या धाकट्या जावेचं. बिनऔषधाच्या कोंबड्या ही कल्पना तिची. तिच्या वडिलांच्या पायाला साधी जखम झाली, चिघळली, आणि दवाखान्यात एकामागून एक इंजेक्शनं देऊनही काहीच लागू पडेना. जंतूंना औषधांची सवय झालीय, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं. पाय कापला, तरी माणूस हाताला लागला नाही. तेव्हापासून तिनं ठरवलं की आपल्या कोंबडीच्या पाण्यात अँटिबायोटिक पडणार नाही. दारात येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची. मी तिची टर उडवायची, “आल्या बघा कोंबड्यांच्या गुरुमाउली!” पण लोक यायचे ते तिच्या शब्दावर, हे मला ठाऊक होतं आणि सलतही होतं.

कामं वाटलेली होती. पाणी आणि झाडलोट तिची, कोंबड्यांखाली भाताचं तूस पसरायचं तेही तिचं. खाद्याचं पिंप माझं. घरात कोठीचं झाकण थोरल्या जावेनं उघडायचं आणि धाकटीनं मागून घ्यायचं, ही आमच्या सासूबाईंची शिस्त. ती मी शेडमध्येही चालू ठेवली. मला विचारल्याशिवाय तिनं त्या पिंपाला कधी बोट लावलं नाही.

आखाड तोंडावर आला. श्रावण लागायच्या आधी सगळं कोल्हापूर रस्सा ओरपून घेतं, त्यामुळे गिऱ्हाइकांनी कोंबड्या आधीच सांगून ठेवलेल्या. आणि आमच्या तर काटकुळ्या. माझं माहेर तालमीला लागून, वडील पैलवान. अंग भरत नसेल तर खुराक वाढवा, याशिवाय दुसरा इलाज मी लहानपणापासून ऐकलेला नाही. गगनबावड्याचा घाट चढून कोकणातली सुकी मासळी घेऊन एक बाई येतात. त्यांच्याकडचा बोंबील-जवळ्याचा उरलासुरला चुरा मी पोत्यानं घेतला आणि धाकटीला न सांगता खाद्यात कालवला. मुठीनं नव्हे, घमेल्यानं. कोंबड्या अशा तुटून पडल्या की बघून मला भरून आलं. वास काही लपत नव्हता. धाकटीनं नाकाला पदर लावला तेव्हा मी म्हटलं, “पावसाळी कुबट वास हाय.” ती झाडलोटीला लागली.

पावसानं तूस भिजून गच्च झालं होतं. आठवड्याभरात एके सकाळी दार उघडलं तर आठ कोंबड्या पाय वर करून पडलेल्या. आदल्या संध्याकाळी धडधाकट खात होत्या. धाकटीनं जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी पालथ्या बादलीवर एक मेलेली कोंबडी ठेवून तिचं पोट उभं फाडलं. आतडं फुगलेलं, चिमटा लावला की फाटणारं, आणि आतून झिजलेल्या टॉवेलासारखं खरबरीत. वास असा आला की मी भिंतीपर्यंत मागं सरले.

“हे जंतू एरवीही कोंबडीच्या पोटात असतात,” डॉक्टर म्हणाले. “गुमान असतात. ओलं तूस आणि मासळीसारखं जड खाणं मिळालं की माजतात. त्यांच्या विषानं आतडं सडतं. खाद्यात काही बदललंय का?”

धाकटीनं माझ्याकडं बघितलं.

“न्हाय ओ,” मी म्हणाले. “न्हेमीचंच हाय.”

त्यांनी पाण्यातून द्यायचं औषध लिहून दिलं. द्यायचं की नाही तुम्ही ठरवा, म्हणाले, पण दिलंत तर बिनऔषधाची म्हणून विकू नका. धाकटीनं चिठ्ठीची घडी करून कमरेला खोचली. आजारी कोंबड्या बाजूला काढू, कोरडं तूस घालू, बाकीच्या तगतील, असं ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं हळूच विचारलं, “अक्का, पिंपातलं खाद्य टाकून नवं आणूया का?”

“मला शिकवतीस व्हय गं?”

पिंप रिकामं केलं असतं तर माझी चोरी उघडी पडली असती. म्हणून पुढचे दोन दिवस मी तेच खाद्य माझ्या हातानं घालत राहिले. मला कळत होतं, तरी घालत राहिले.

तिसऱ्या दिवशी चाळीसेक कोंबड्यांनी अंग टाकलं. मुलाणीभाऊ परत गेले आणि मी पदर खोचला. धाकटी एकेक कोंबडी पायाला धरून आणायची, मी मान पिरगळून पुरायला खणलेल्या खड्ड्याकडं फेकायची. हाताचं कातडं सोललं. चोचीतनं आलेलं रक्त कोपरापर्यंत वाळलं. काही गपकन मेल्या, काही किंचाळल्या. प्रत्येक मानेगणिक माझं डोकं जास्तच फिरत गेलं, आणि समोर धाकटीच होती.

“तुझा बा मेला म्हणून माझ्या कोंबड्या मारालीस व्हय गं?” मी ओरडले. “घाल की त्ये औषध! का मुडदंच बघायची हौस हाय तुला?”

तिनं हातातली कोंबडी माझ्या तोंडावर फेकून मारली. नखांनी गाल फाटला. मी तिचा अंबाडा धरून तिला खाली ओढलं, तिनं माझ्या पोटात गुडघा घातला. आम्ही दोघी संसारी बायका त्या घाणेरड्या तुसात लोळलो, एकमेकींच्या झिंज्या ओढल्या, मी तिच्या मनगटाला चावले. आजूबाजूला जित्या कोंबड्या पंख आपटत उधळल्या. पैलवानाची पोर मी, पण खाली मीच होते. माझ्या छातीवर बसून ती धापा टाकत म्हणाली, “डॉक्टर हात धुवायला गेलते तवा कोंबडीची अन्नाची पिशवी मी उघडून बघितली. आत बोंबलाचं डोकं हुतं, अक्का. तुमी आपणहून सांगशीला म्हणून वाट बघत हुतो.”

ती उठली, कमरेची चिठ्ठी चाचपली आणि तशीच, केसात तूस घेऊन, औषध आणायला गेली. आल्यावर पाण्याच्या भांड्यात तिनं स्वतःच्या हातानं ते ओतलं. मी पिंप उपडं केलं, मेलेल्या कोंबड्यांवर ते खाद्य लोटलं, वर चुना टाकला. पुढच्या दोन दिवसांत मरणं थांबलं.

आखाडाच्या रविवारी लोक पिशव्या घेऊन आले. धाकटी दारात उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, “ह्या खेपेला औषध दिलंय. विकत न्हाय.” बहुतेक जण मान हलवून परत फिरले. पण एक जुन्या गिऱ्हाईक बाई भडकल्या.

“बापाच्या नावानं लई मोठ्या गप्पा मारतीस. शेवटी तू बी तसलीच की!”

धाकटीनं मान खाली घातली. तिच्या मनगटावर माझे दात अजून उमटलेले होते. मला राहवेना.

“तिला काय बोलू नगासा,” मी म्हणाले. “मासळी मी चारली. इचारलं तवा खोटं बी मीच बोललो. तिनं नाइलाजानं औषध घातलं.”

बाई पुटपुटत गेल्या. मला वाटलं, चला, एकदाचं बोलून मोकळी झाले. आता धाकटी माझ्याशी नीट बोलेल. मनातल्या मनात मी स्वतःच्या पाठीवर थोडा शाबासकीचा हातही फिरवून घेतला. धाकटी पाण्याची भांडी घासायला बसली होती. मी जवळ जाऊन एक भांडं उचललं, तेव्हा ती वर न बघता म्हणाली, “सगळा दोष एकल्या घेऊ नगासा, अक्का. मला पयल्या दिशीच कळलं हुतं. थोरल्या जावंला खोटं कसं पाडायचं म्हणून मी गप बसलो. तुमचा मान राखला, आन् कोंबड्या दोन दिस इख खात ऱ्हायल्या.”

मग तिनं माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि ते स्वतः घासलं.