गद्र्यांची परात

कमलाकर गद्र्यांना उष्टं चालत नसे. तसं ते फारसं कुणालाच चालत नाही म्हणा, पण गद्र्यांची तऱ्हाच निराळी. इंग्लंडात, स्लाऊला येऊन पंचवीसेक वर्षं झाली, पगाराची सॉफ्टवेअरं लिहून लिहून माणूस रिटायर झाला, घराचं मॉर्गेज फिटलं, पण पाण्याचा ग्लास काही ओठाला लागला नाही. पाणी प्यायचं ते वरून, धार धरून. ऑफिसात तसंच, ट्रेनमध्ये तसंच आणि एकदा तर विमानात, टर्ब्युलन्समध्येसुद्धा तसंच. शेजारच्या गोऱ्या बाईंच्या कार्डिगनवर निम्मा ग्लास गेला, गद्र्यांनी चारदा सॉरी म्हटलं आणि उरलेला निम्मा पुन्हा वरूनच प्यायले.

ऑफिसात कुणाचा बर्थडे असला की गद्रे केकला हात लावत नसत. "अगं, फुंकर मारतात त्यावर!" घरी येऊन ते बायकोला सांगत. "एक माणूस सगळ्यांदेखत केकवर थुंकतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात!"

"अहो, मग काय त्यांनी पंखा लावून विझवायच्या मेणबत्त्या?" सुचेताबाई विचारत.

"का नाही?" गद्रे म्हणत, आणि खरंच विचारात पडत.

तर अशा या माणसाच्या घरी एक काळी लॅब्रॉडॉर कुत्री आली, जिचं अर्धं आयुष्य लाळ गाळण्यात जातं आणि उरलेलं अर्धं ती लाळ दुसऱ्याला पुसण्यात. आणली कुणी? सुचेताबाईंनी. शेजारचे म्हातारे मिस्टर विल्किन्स बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. घरी ते आणि त्यांची ही कुत्री मेबल, तिसरं कुणी नाही. सुचेताबाईंनी कुंपणावरूनच जाहीर करून टाकलं, "डोन्ट वरी, माय हजबंड इज फ्री ऑल डे!" गद्रे तेव्हा आत कोशिंबिरीला काकडी चोचवत होते. त्यांना ही बातमी काकडी संपल्यावर कळली.

पहिला आठवडा गद्र्यांनी मेबलचा पट्टा टिश्यू पेपरने धरला. दुसऱ्या आठवड्यात टिश्यू संपले आणि आणायचे राहिले. पुढे कधी तरी बातम्या बघताना मेबलने त्यांच्या पावलावर डोकं ठेवून डोळे मिटले. पायाला मुंग्या आल्या, बातम्या संपल्या, हवामान संपलं, नंतरचा बागकामाचा कार्यक्रमही संपला, पण गद्र्यांनी पाय हलवला नाही. "उठा की, जेवायला बसायचंय," सुचेताबाई म्हणाल्या. "हळू बोल, झोपलीय बया," गद्रे म्हणाले. पुरता विरघळला होता माणूस. फक्त एक. चाटायचं नाही. मेबलने जीभ काढली की गद्रे हात पाठीमागे घेत, आणि मेबलही शहाणी, ती जीभ आत घेई.

मग विल्किन्सना केअर होममध्ये जावं लागलं. तिथे कुत्र्यांना मज्जाव. त्यांचा पुतण्या कॉलिन ग्लासगोच्या पलीकडे राहायचा, त्याच्याकडे अंगणातल्या खोपटांत अशीच आठ कुत्री होती, मेबल तिथे जायची ठरली. बरं, कॉलिनवर चिडावं तर तोही चांगला माणूस निघाला. मेबलला बघायला येताना सुचेताबाईंसाठी शॉर्टब्रेड बिस्किटांचा डबा घेऊन आला. अशा माणसाशी भांडणार कसं?

गद्रे तडक केअर होम गाठून विल्किन्सपुढे उभे राहिले. "तिला बाहेर झोपायची सवय नाही," ते म्हणाले.

विल्किन्सनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्याकडे ती बाहेरच झोपायची. आत कधीपासून झोपायला लागली?"

कधीपासून आणि कुणाच्या पलंगावर, हे त्या वयाच्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

विल्किन्सनी आयुष्यभर शिकारीवरची रिट्रीव्हर कुत्री तयार केलेली. या कुत्र्यांचं काम मारायचं नाही, आणायचं. साहेब बंदुकीने पक्षी पाडतो, कुत्रं तो झाडाझुडपांतून शोधून, दात न लावता, अलगद आणून मालकाच्या हातात देतं. या कुत्र्यांच्या परीक्षेत पक्षी नसतो, हिरव्या कॅनव्हासची भरगच्च गुंडाळी फेकतात, तिला डमी म्हणायचं. विल्किन्स म्हणाले, "गाड्रे, मेबल कामाची कुत्री आहे. सोफ्यावर बसवून तिचा लोड करायचा असेल तर मी देणार नाही. उन्हाळ्यात नवशिक्यांची परीक्षा असते. तुम्ही तिला तयार करा. तिने तुमच्यासाठी डमी आणली आणि तुमच्या हातात दिली, तर ती तुमची. नाहीतर त्याच दिवशी कॉलिन तिला घेऊन जाईल."

"डन!" गद्रे म्हणाले. कशाला हो म्हटलं हे त्यांना बसमध्ये बसल्यावर उमगलं. हातात! म्हणजे तिच्या तोंडातून निघालेली, लाळेने निथळणारी गुंडाळी, या हातात!

पण सॉफ्टवेअरवाला माणूस, तोडगा काढणार नाही असं होईल का? त्यांनी स्वयंपाकघरातली स्टीलची परात उचलली.

"ठेवा ती खाली," सुचेताबाई कडाडल्या. "माझ्या कणकेच्या परातीत कुत्रीच्या तोंडचं? आणि म्हणे यांना उष्टं चालत नाही!"

झालं, गद्रे वेम्बलीला गेले आणि ईलिंग रोडवरच्या भांड्यांच्या दुकानातून नवी परात घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "कितने लोगों का आटा?" गद्रे म्हणाले, "एकही है, कुत्ती." दुकानदाराने मुकाट्याने परात पिशवीत घातली.

मग वसंतभर रोज सकाळी स्लाऊच्या मैदानावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना फुकट तमाशा. अंगात रेनकोट, डोक्याला माकडटोपी, हातात परात असे गद्रे डमी फेकत. मेबल धावत जाई, डमी तोंडात धरून वाऱ्यासारखी परत येई आणि परातीत टाकी. टण्ण! डमी सोड म्हणून सांगायला इंग्रज लोक कुत्र्याला 'डेड' म्हणतात. गद्र्यांनी तो शब्द उच्चारायचंच नाकारलं. "सकाळच्या पारी असलं अभद्र कोण बोलणार? वास्तू तथास्तु म्हणत असते!" मैदानात वास्तू कुठली, हे त्यांना कोण विचारणार? ते म्हणत, "ठेव बाळा." बाळ ठेवी. घरी आल्यावर डमी वॉशिंग मशीनमध्ये जाई, साठ डिग्रीवर. महिन्याभरात मेबल इतकी तरबेज झाली की शिट्टीसरशी बसे, बोटासरशी उठे आणि कुठूनही डमी शोधून आणे. नुसती परात दिसली तरी तिची शेपटी हलू लागे. आपण केवढी मोठी चूक शिकवून ठेवतोय हे गद्र्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

परीक्षा होती बर्कशरमधल्या एका मोठ्या इस्टेटीच्या कुरणावर. जिकडे तिकडे ट्वीडच्या टोप्या, हिरवी जॅकिटं आणि गप्प बसलेली कुत्री. एका बाजूला चहाचा तंबू. सुचेताबाईंनी दशम्या, चटणी आणि थर्मास असा जामानिमा आणला होता. कॉलिनने विल्किन्सना व्हीलचेअरवरून आणलं होतं, आणि त्याच्या व्हॅनच्या मागच्या पिंजऱ्यात नवं घोंगडं अंथरलेलं होतं. ते घोंगडं पाहून गद्र्यांनी डबा तसाच मिटला. दशमी खाल्ली नाही त्यांनी.

नंबर पुकारल्यावर गद्रे काखेत परात मारून निघाले. परीक्षक म्हणून एक उंच, काठी घेतलेल्या बाई होत्या. त्यांनी परातीकडे पाहिलं, मग गद्र्यांकडे, मग पुन्हा परातीकडे.

"हे काय आहे?"

"तुमचा नियम म्हणतो, डमी मालकाच्या हातात दिली पाहिजे," गद्र्यांनी समजावून सांगितलं. "परात माझ्या हातात आहे. डमी परातीत आहे. म्हणजे डमी माझ्याच हातात आहे."

युक्तिवादात एक फट असेल तर शपथ! बाईंनी क्षणभर विचारही केला, खोटं का बोला? मग म्हणाल्या, "मिस्टर गाड्रे, कृपा करून ते गाडीत ठेवून या."

परात गाडीत गेली. गद्रे रिकाम्या हातांनी उभे राहिले. असू दे, ते मनाशी म्हणाले, एकदाच घ्यायचंय, घेऊ. मेबलसाठी घेऊ. नंतर धुता येतं.

बंदुकीचा बार उडाला. दूर उंच गवतात डमी पडली. आधीची दोन कुत्री बारासरशीच उधळली होती. मेबल दगडासारखी बसून राहिली. गद्रे म्हणाले, "जा!" आणि ती गेली. वास घेतला, एकदा वळली, गवतात शिरली आणि डमी घेऊन सरळ रेषेत परत निघाली. लोकांत कुजबूज झाली. विल्किन्स खुर्चीत ताठ झाले. सुचेताबाईंनी अंबाबाईला पाच मिनिटं इकडेच लक्ष दे म्हणून सांगितलं.

मेबल समोर आली. तिच्या ओठांतून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. गद्र्यांनी हात पुढे केला. पण जन्माची सवय हो, ती काय विचारून येते? लाळेची तार वाऱ्याने हातावर आली आणि हात आपोआप मागे गेला. वीतभरच, पण गेला.

मेबलने ते पाहिलं. तिने गद्र्यांच्या उजव्या बाजूला बघितलं, डाव्या बाजूला बघितलं. परात नाही! मालक वेंधळा, परात विसरला. आता आपल्यालाच बघावं लागणार. ती वळली आणि डमीसकट चहाच्या तंबूकडे सुटली.

"मेबल! बाई गं! इकडे ये! अगं ए!" गद्रे मागून धावत होते. टेबलावर सॉसेज रोलांनी भरलेला स्टीलचा भलाथोरला ट्रे होता. मेबलने मागचे पाय रोवले, पुढचे टेबलावर टेकले आणि डमी ट्रेच्या बरोबर मध्यावर सोडली. रोल चहूकडे उडाले. किटलीजवळची बाई किंचाळली. मेबल खाली उतरली, ट्रेशेजारी शिस्तीत बसली आणि गद्र्यांकडे पाहून शेपटी हलवू लागली. सगळं कुरण हसत होतं. ज्यांची कुत्री उधळली होती ते तर जरा जास्तच.

परीक्षक बाईंनी शून्य दिलं. देताना त्यांना वाईट वाटत होतं, पण शून्य ते शून्यच.

कॉलिन हळूच आला आणि त्याने मेबलला पट्टा लावला. "ठरलं ते ठरलं, गाड्रे," विल्किन्स म्हणाले.

मग गद्रे बोलले. पंचवीस वर्षांत कुणी या माणसाचा आवाज कुणावर चढलेला ऐकला नव्हता. "चूक तिची नाही, माझी आहे! ती बरोबर आली होती. हात मी मागे घेतला. शून्य मला द्या. मला ती हवी आहे, मिस्टर विल्किन्स. परीक्षा-बिरीक्षा गेली खड्ड्यात, मला ती घरात हवी आहे!" आधी इंग्रजीत, मग इंग्रजी संपल्यावर मराठीत. विल्किन्सनी कॉलिनला हातानेच व्हॅन दाखवली. सुचेताबाई पदराने डोळे पुसायला गेल्या, तर अंगात फ्लीसचं जॅकिट. मग बाहीनेच पुसले.

कॉलिनने व्हॅनचं दार उघडलं. "अप, मेबल." मेबल उडी मारेना. तिने मान फिरवली, पट्टा ओढत कॉलिनला चार पावलं चालवलं आणि ती गद्र्यांसमोर येऊन बसली. तेव्हा गद्र्यांच्या लक्षात आलं की तंबूपासून हिने तोंडच उघडलेलं नाही. धाप नाही, जीभ बाहेर नाही. गाल फुगलेले.

"काय आहे गं तोंडात?" ते वाकले. "दाखव बघू. दे."

आणि त्यांनी हात पुढे केले. देवळात तीर्थ घ्यायला करतो तसे, डाव्यावर उजवा. मेबलने मान वर केली, ओठ सैल सोडले आणि त्या तळव्यावर एक अख्खा सॉसेज रोल अलगद ठेवला. ओला, गरम, पण दाताचा एक व्रण नाही. जन्मात ज्याने अंडं खाल्लं नाही त्या माणसाच्या हातात डुकराचं मांस, आणि तेही उष्टं! लाळ मनगटावरून बाहीत गेली. हात जागचा हलला नाही.

हसणारे थांबले.

"कॉलिन," विल्किन्स म्हणाले, "किती लॅब्रॉडॉर पाळलेस तू?"

"मोजले नाहीत, अंकल."

"त्यातल्या एकाने तरी सॉसेज रोल कधी परत दिला? कुणाला?"

कॉलिनने रोलकडे पाहिलं, मेबलकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदाच बघतोय."

"मीही. साठ वर्षांत. डमी ती कुणालाही आणून देईल." विल्किन्सनी नाक शिंकरलं. "व्हॅन बंद कर."

कॉलिनने पट्टा सोडवला आणि व्हॅनचं दार लावलं. लोक पांगले, पुढचा नंबर पुकारला गेला. गद्रे तिथेच उभे होते, हात तसेच पुढे धरून.

"अहो, झालं ना आता?" सुचेताबाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या. "टाका ते. हात धुवा."

"थांब जरा," गद्रे म्हणाले. "ती बघतेय."